जुने गोवे : चर्च उरली, शहर गेलं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाची माझ्याकडून अपेक्षा होती की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहावं. तो हिशेब अहवालात छापलेला आहे, ऑडिटरची सही आहे, त्यात मी नवीन काय सांगणार? छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले. आता थोडं आवडीचं लिहितो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या ज्येष्ठ मंडळींची गोव्याची सहल गेली होती. बडनेऱ्याहून मडगावच्या गाडीत बसलेले आपण अठरा जण होतो. समुद्र, बोट, काजू, कोकम सरबत यांचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलेच आहेत. मी लिहिणार आहे त्या जागेबद्दल, जिथे बसवाल्याने आपल्याला फक्त दीड तास दिला होता. ती जागा म्हणजे जुने गोवे.

कॉलेजात इतिहास हा माझा विषय होता. बँकेत लागलो आणि तो मागे पडला. निवृत्तीनंतर वाचन पुन्हा सुरू केलं. त्यामुळे त्या दीड तासात जे पाहिलं आणि आधी-नंतर जे वाचलं, ते दोन्ही मिळून हा लेख झाला आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. गोव्यात "गोवा वेल्हा" आणि "वेल्हा गोवा" अशी दोन वेगळी गावं आहेत. गोवा वेल्हा म्हणजे जुवारी नदीकाठचं कदंब राजांचं गोपकपट्टण. ते बंदर गाळाने भरत गेलं तसा व्यापार मांडवीकाठच्या एळा या गावी सरकला. हे एळा म्हणजेच वेल्हा गोवा, आपण पाहिलेलं जुने गोवे. पणजीपासून दहा किलोमीटर.

शहर कसं उभं राहिलं

एळा हे विजापूरच्या आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. अरबस्तान आणि इराणहून घोडे इथे उतरत. २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने ते जिंकलं. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून तिथल्या मुख्य चर्चला तिचं नाव. आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाचे कोरीव दगडी खांब आजही तिथे एकटे उभे आहेत. आपल्यातले बरेच जण त्यांच्यासमोरून गेले, पण पाटी लहान आहे, लक्ष जात नाही.

पुढची शंभर वर्षं हे शहर वाढतच गेलं. पूर्व आफ्रिकेपासून चीनजवळच्या मकावपर्यंतच्या पोर्तुगीज ठाण्यांचा कारभार इथून चाले. १५३४ साली इथे बिशपची गादी आली, १५५७ साली आर्चबिशपची. १५५६ साली छापखाना आला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वस्ती दोन लाखांच्या घरात असल्याचं सांगतात. आपल्या आजच्या यवतमाळ शहराशी ताडून पाहा, म्हणजे अंदाज येईल. गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहिलं नाही तरी चालेल, अशी म्हणच पोर्तुगीजांत होती.

ज्या मोठ्या पांढऱ्या चर्चसमोर आपण ग्रुप फोटो काढला, ते से कॅथेड्रल. ज्या चर्चमध्ये बिशपची गादी असते त्याला कॅथेड्रल म्हणतात. प्रत्येक मोठं चर्च कॅथेड्रल नसतं. बांधकाम १५६२ साली सुरू झालं, मुख्य इमारत १६१९ साली पुरी झाली, १६४० साली तिचा विधिवत अभिषेक झाला. लांबी २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी भिंत ११५ फूट उंच. आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये तिची गणना होते. फोटो नीट पाहा, मनोरा एकाच बाजूला आहे. दुसरा मनोरा १७७६ साली कोसळला. तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात "सोन्याची घंटा" आहे. घंटा सोन्याची नाही, आवाज गोड म्हणून ते नाव.

फोटो काढताना आपल्यातल्या एका भाऊंनी सहज म्हटलं, "काय बावा, एवढे मोठमोठे चर्च बांधले, पण आजूबाजूला घरं कुठी आहेत?" सगळे हसले. पण खरा प्रश्न तोच आहे. चर्चभोवती गाव असावं लागतं. इथे हिरवळ आहे, बाग आहे, पार्किंग आहे, शहाळ्याच्या गाड्या आहेत. दोन लाख माणसांचं शहर कुठे गेलं?

एका फ्रेंच प्रवाशाची नजर

शहर भरात असताना ते कसं होतं, हे एका फ्रेंच माणसाने लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव फ्रांस्वा पिरार, गाव फ्रान्समधलं लाव्हाल. त्याचं जहाज १६०२ साली मालदीवजवळ फुटलं. अनेक वर्षं अडकून, फिरत फिरत तो १६०८ साली गोव्यात आला, तोही पोर्तुगीजांचा कैदी म्हणून आणि आजारी. १६१० पर्यंत तो इथे होता. त्याने बाजाराचं वर्णन केलं आहे. मांडवीच्या धक्क्यावरून व्हाइसरॉयच्या कमानीतून आत आलं की सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना सोनार, जवाहिरे, सराफ, आणि रोज सकाळी लिलाव. या लिलावात घोड्यांबरोबर माणसंही विकली जात. गुलामांचा बाजार होता तो. शहराच्या वैभवाची ही बाजूही विसरून चालणार नाही.

पिरार सर्वांत जास्त लिहितो ते तिथल्या राजाच्या रुग्णालयाबद्दल, कारण तो स्वतः तिथे पडून होता. स्वच्छ पलंग, धुतलेल्या चादरी, वैद्यांच्या फेऱ्या, जेवण चांदीच्या भांड्यांत. जगात असं रुग्णालय दुसरं नसेल, असंच त्याचं मत झालं. हे रुग्णालय लक्षात ठेवा, पुढे पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

बाणस्तारीच्या पुलाच्या दोन बाजू

त्या दिवशी सकाळी आपण मंगेशीला गेलो, तिथून बसने बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यात आलो. पूल छोटा आहे, पण त्याखालची खाडी ही त्या काळची सरहद्द होती. अलीकडे फोंडा, म्हणजे तेव्हाचा आदिलशाहीचा मुलूख. पलीकडे तिसवाडी, पोर्तुगीजांचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या ताब्यातल्या भागातली देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोक देव घेऊन रातोरात नदी ओलांडून फोंड्यात आले. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळीचं. गोव्यातली एवढी देवळं फोंड्यातच एकवटलेली का, याचं उत्तर हे आहे. सकाळचं दर्शन आणि दुपारचं चर्च ही एकाच इतिहासाची दोन पानं आहेत. सहलीत ती वेगवेगळी "पॉइंट" म्हणून पाहिली जातात, एवढंच.

जुन्या गोव्यासमोर नदीत दिवाडी बेट दिसतं. कदंबांचं आराध्य दैवत सप्तकोटेश्वर मूळचं तिथलं. ते देऊळ पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला नेले. १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख तिथे आहे. अलीकडे गोवा सरकारने त्या देवळाचं पुन्हा काम केलं, २०२३ साली ते खुलं झालं.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय बसलं. मधली काही वर्षं सोडता ते १८१२ पर्यंत चाललं. शार्ल देलों नावाच्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून १६७४ साली इथल्या कोठडीत टाकलं, १६७६ च्या जानेवारीत शिक्षा सुनावली. सुटून मायदेशी गेल्यावर त्याने पुस्तक लिहिलं, ते १६८७ साली छापलं गेलं आणि युरोपभर या न्यायालयाचं नाव वाईट झालं. देलों स्वतः ख्रिश्चन होता, हे ध्यानात घ्या. हे कुणा आजच्या माणसावर राग धरण्यासाठी सांगत नाही. आजचे गोंयकार ख्रिश्चन हे त्याच गावांतले, त्याच घरांतले लोक आहेत. आणि याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात येऊन मराठी शिकला, आणि त्याचं ओवीबद्ध "क्रिस्तपुराण" १६१६ साली राशोलला छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा आपली मराठी. इतिहास असा सरमिसळ असतो.

संभाजी महाराज दारात येतात

नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रात्री नदीतलं जुवे बेट आणि तिथला किल्ला घेतला. जुवे म्हणजे जुन्या गोव्याचं अंगणच. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय स्वतः चाल करून गेला आणि मार खाऊन परतला. मग तो बॉम जीझस चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला. आता तूच शहर सांभाळ, असा त्याचा अर्थ. तेवढ्यात मोगलांची फौज घाट उतरून आली आणि मराठ्यांना मागे फिरावं लागलं. व्हाइसरॉयने मात्र धडा घेतला. राजधानी मुरगावला हलवायचा बेत त्याने मांडला, कामही सुरू झालं, पुढे ते सोडून दिलं.

पण हे शहर मराठ्यांच्या तलवारीने पडलं नाही. डचांनी नाकेबंदी केली, व्यापार पळवला, तरी एवढ्याने शहर रिकामं होत नाही. माणसं गेली ती पाण्यामुळे.

तटाला नव्हे, विहिरीला भगदाड

जुने गोवे जांभ्या दगडावर वसलं होतं. जांभा सच्छिद्र असतो. दाट वस्ती, घराघरात शोषखड्डे, आणि शेजारी पिण्याच्या विहिरी. मैलापाणी दगडातून झिरपत विहिरीत जाई. आजूबाजूला दलदल, डास. १५४३ सालीच पटकीची मोठी साथ आली. मरणारे इतके होते की लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवायला मनाई केली, असं त्या काळच्या बखरकाराने लिहिलं आहे. १५७० ला साथ, १६३५ ला साथ. ज्यांना परवडे ते लांबच्या बाणगिणीच्या झऱ्याचं पाणी विकत घेत. बाकीच्यांना विहीर.

बँकवाल्याच्या नजरेतून एक गोष्ट मनाला लागते. से कॅथेड्रलचं काम १५६२ साली सुरू झालं, म्हणजे पहिली मोठी साथ येऊन गेल्यावर एकोणीस वर्षांनी. बॉम जीझसचं १५९४ साली, संत ऑगस्टीनच्या चर्चचं १५९७ साली. पैसा होता, गवंडी होते, जांभा आणि चुना होता. मनोरे चढत गेले. घंटा बंद ठेवायचा हुकूम निघाला, पण विहिरीत झिरपणाऱ्या मैल्याचा बंदोबस्त झाला नाही. जमिनीखालच्या कामाचं उद्घाटन होत नाही, त्यावर नाव कोरता येत नाही.

आता ते रुग्णालय. पिरारनंतर तीसेक वर्षांनी, १६४१ साली आणि पुन्हा १६४८ साली, जाँ-बाप्तिस्त टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोव्यात आला. तो लिहितो की हे रुग्णालय पूर्वी सगळ्या हिंदुस्थानात प्रसिद्ध होतं, त्याला उत्पन्नही चांगलं होतं. पण व्यवस्थापक बदलले तशी रुग्णांची आबाळ सुरू झाली, आणि आता आत गेलेले बरेच युरोपियन थेट कबरीतच जातात. इमारत तीच, नाव तेच. बदलली फक्त व्यवस्था पाहणारी माणसं. मी नोकरीत अशा संस्था पाहिल्या आहेत. बाहेरचा बोर्ड चकचकीत, आत खातं बुडीत.

मग गळती लागली. १६९५ साली व्हाइसरॉयने मुक्काम शहराबाहेर पणेलीला नेला, १७५९ साली पणजीला. साहेब गेले की मागून कारकून जातात, मग दुकानदार. १६९५ ला वीस हजार उरलेली वस्ती १७७५ मध्ये सोळाशेवर आली. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने शहर पुन्हा वसवायचा प्रयत्न केला, पण कामावरचे मजूरच तापाने मरू लागले. १८३५ साली धर्मसंघांना गोव्यातून घालवलं, मठ ओस पडले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. पडक्या घरांचे दगड होड्यांतून पणजीला गेले आणि तिथल्या इमारतींत बसले.

घंटा दुसरीकडे, मनोरा इथे

दीड तासातली शेवटची पंचवीस मिनिटं मी टेकडीवरच्या संत ऑगस्टीनच्या अवशेषांत घालवली. बहुतेक मंडळी बसमध्ये जाऊन बसली होती, सोबत दोन ताई आल्या. १८३५ नंतर या चर्चकडे पाहणारं कुणी उरलं नाही. १८४२ साली छत कोसळलं, १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग. आज ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा उभा आहे, उभा चिरल्यासारखा. त्याची घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्या पांढऱ्या जिन्यांच्या चर्चमध्ये, जिथे आपल्या वहिनी मंडळींनी फोटो काढले.

याच ढिगाऱ्यात जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. १६२४ साली इराणात शिराजला तिला छळून मारलं होतं, आणि ऑगस्टीन पंथाच्या साधूंनी तिचे अवशेष इथवर आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ साली आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला नेऊन दिला. चारशे वर्षांनी राणी घरी गेली.

बॉम जीझस मात्र जिवंत आहे. झेवियरचा देह दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली आणतात, २०२४-२५ च्या हिवाळ्यात तो सोहळा झाला. आपण पाहिलं ते चर्च लाल दगडाचं दिसलं, पण ते मुळात तसं नव्हतं. १९५० च्या दशकात जुनं दिसावं म्हणून त्याचा चुन्याचा गिलावा काढून टाकला. तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे. दिसण्यासाठी संरक्षण काढून टाकलं की असं होतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरच्या आपल्या चर्चा इथे आठवल्या, तर दोष माझा नाही!

कॅथेड्रलच्या गावांसाठी प्रसिद्ध देश फ्रान्स. तिथे मी गेलेलो नाही. पण शार्त्र नावाच्या गावाबद्दल वाचलं आहे. १११४ नव्हे, ११९४ साली, लिहिताना हा आकडा मी दोनदा तपासला, तिथलं कॅथेड्रल आगीत गेलं. पुढच्या पाव शतकात गावाने ते बहुतांश पुन्हा उभं केलं. त्याच्या रंगीत काचांत बेकरीवाले, चांभार, गवंडी यांची चित्रं आहेत, नाणी मोजणारे सराफही आहेत. १८३६ साली छप्पर पुन्हा जळलं, ते लोखंडी करून घेतलं. दुसऱ्या महायुद्धाआधी सगळ्या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या. पॅरिसचं नोत्र-दाम २०१९ साली जळलं आणि २०२४ च्या डिसेंबरात उघडलं. आग तिथेही लागली, पण भोवती गाव होतं. जुन्या गोव्यात चर्च राहिली, त्यांची काळजी घेणारं शहर राहिलं नाही. १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत नाव आहे, पुरातत्त्व खात्याचे पहारेकरी आहेत, हे चांगलंच आहे. पण पहारेकरी संध्याकाळी घरी जातात.

आपल्यापुरतं

आपल्याला हे समजायला गोव्याला जायची गरज नव्हती म्हणा. २०१८ चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता, टँकरसाठी रात्री दोन वाजता आपण बादल्या घेऊन गेटवर उभे होतो. त्या महिन्यात कुणी इमारतीचा रंग कसा आहे हे विचारलं नाही.

आपली सोसायटी २००१ ची. पंचवीस वर्षं हे इमारतीचं वय माणसाच्या पन्नाशीसारखं. बाहेरून ठीक, आतून तपासणी करून घ्यावी असं. बोअरवेल आणि सेप्टिक टँक यांच्यामध्ये किती अंतर आहे, हे सभासदांपैकी किती जणांना माहीत आहे? तो चेंबर फुटला तेव्हा पाण्याला वास आला होता, ते दहा दिवस सगळ्यांना आठवतात. आदर्श उपविधीप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का घ्यायचा असतो. मेंटेनन्स वाढला की कुरकुर होते, तिथे हा एक टक्का आधी आठवावा.

येत्या आमसभेत दोन विषय आहेत. रौप्यमहोत्सवी कमान आणि ड्रेनेजची पाइपलाइन. कमानीला माझा विरोध नाही. व्हाइसरॉयची कमान मीही कौतुकाने पाहिली. १५९९ साली वास्को द गामाच्या पणतूने ती पणजोबांच्या स्मरणार्थ बांधली. तिच्यातून आज दिवाडीच्या फेरीबोटीकडे जाणाऱ्या स्कूटर जातात. म्हणून माझं मत आधीच लिहून ठेवतो : या वर्षी पाइपलाइन, कमान पुढच्या वर्षी.

आणि शेवटचं. आपल्याकडचे बरेच फ्लॅट आता कुलूपबंद आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, काही परदेशात. ती जाणारच, आपणही खेड्यातून इथे आलोच होतो. पण दिवाळीत ती आली की त्यांना चेंबर कुठे आहे, टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, सोसायटीचे कागद कुठल्या कपाटात आहेत, हे दाखवून ठेवा. मीही माझ्या नातवाला दाखवलं आहे. तो कंटाळला, पण त्याने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले आहेत.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. पुढच्या सहलीत जुन्या गोव्याला दीड नव्हे, चार तास ठेवा, अशी सहल समितीला नम्र विनंती.